टार्नब्रेची वरची वाट

१४ एप्रिल, सकाळ
नदीकाठची पत्र्याची झोपडी, पॅनिकिन खिंडीच्या उत्तरेला

ॲथल,

तुझी चिठ्ठी पोचली. तुमच्या बाजूने आलेल्या एका जर्मन जोडप्याने काल संध्याकाळी आणून दिली. बिचाऱ्यांनी बूट काढायच्याही आधी ती माझ्या हातात ठेवली. या वाटेवरचं टपाल असंच चालतं, उत्तरेला जाणारे उत्तरेचं नेतात, दक्षिणेचे दक्षिणेचं. एकतीस वर्षांत तू मला लिहिलेला हा पहिला कागद, आणि त्यात चार ओळी. हिवाळ्याआधी डोंगरावरून मेंढ्या उतरवणं चालू आहे, खिंडीतून येऊ नकोस. नदीकाठाने रस्त्यावर ये, माझा रसेल ट्रक आणेल, तुला पलीकडे सोडेल. तुझ्या छातीचं कळलं. काळजी घे.

ही शेवटची ओळ कुणी लिहायला लावली? तुझी तर नक्की नाही.

उत्तर एका शब्दात: नाही. आता शब्द वाढवते, कारण कागद उरलाय.

मी देशाच्या उत्तर टोकाला, केप रेइंगाच्या दीपगृहापासून निघाले आहे. तेव्हा वसंत होता, आता शरद, इथे सकाळी बाटलीतलं पाणी गोठतं. उत्तर बेट चालले, सामुद्रधुनी बोटीने ओलांडली (पाण्यावर कुणालाच चालता येत नाही, म्हणून ती माफ) आणि दक्षिण बेट इथवर चालले. गाडीत एकदाही पाय ठेवलेला नाही. आणि तू म्हणतोस, सगळा देश चाल, फक्त बाबांचं मेंढ्यांचं रान, टार्नब्रे, तेवढं गाडीने ओलांड. जिथे मी चालायला शिकले तेवढाच तुकडा सोडायचा? वा रे भाऊ!

छातीचं तुला माझ्या लेकीने कळवलं असणार. आत एक स्प्रिंग बसवली आहे, एवढंच. ती माझ्यातली सगळ्यात नवी वस्तू आहे. गोळ्या घेते. कालची सोडली तर रोज घेते.

तू मला तुझ्या जमिनीवर पाय ठेवू नकोस म्हणाला होतास, मी ते पाळलं. तिमारूत शाळेची बस चालवून म्हातारी झाले, पण तुझ्या दारात आले नाही. आताही तुझ्या जमिनीवर येत नाहीये. खिंडीतून जाणारी वाट सगळ्यांची आहे. ती लोकांसाठी मोकळी झाली तेव्हा तू पेपरात रागारागाने पत्र लिहिलं होतंस, मी ते कापून ठेवलंय. वाटेच्या खुणेच्या नारिंगी खांबांच्या ओळीबाहेर मी पाऊल टाकणार नाही. बघ दुर्बिणीतून.

आणि वाट चुकेल, धुकं येतं, असलं मला सांगू नकोस. दुसऱ्या कुणालाही सांग. मी एकोणीस वर्षांची होते. मेंढ्या उतरवताना माणसांची ओळ डोंगराला आडवी लागायची आणि धारेवरून चालायचं मानाचं काम, वरची वाट, बाबांनी तुला दिलं होतं. मुलगी म्हणून मला स्वयंपाकाच्या गाडीवर बसवलं होतं. आणि तुला उंचीवर गरगरायचं. धारेवर तू पोटावर झोपून ओकत होतास, ॲथल. तुझी टोपी आणि कोट घालून तीन शरद मी वरची वाट चालले आणि तू ओढ्यात लपून राहिलास. बाबा खालून बघून म्हणायचे, पोरगं बकरीसारखं चालतंय! त्या चालण्यावर त्यांनी तुला टार्नब्रे दिलं. मला आईचा पियानो. मला पियानो वाजवता येत नाही.

बाबांना पुरून आलो त्या दिवशी मी हे सगळ्यांसमोर बोलले. लोक हसले. तू चहाच्या कपात बघत बसलास. मूग गिळून बसणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. आणि सगळे पांगल्यावर मला दार दाखवलंस.

असो. हे पत्र एका कोरियन मुलीबरोबर पाठवते. ती शेवया कोरड्याच कुरकुर खाते आणि हरणासारखी पळते, माझ्या आधी तुझ्या दारात असेल. तिला चहा दे. ट्रक मात्र पाठवू नकोस.

नोलीन

१४ एप्रिल, संध्याकाळ व्हायच्या आत
खिंडीच्या दक्षिणेची झोपडी

ॲथल,

आधी कामाचं. तू काल खिंडीतलं फाटक लावलं नाहीस.

कप खाली ठेव आणि हे वाक्य पुन्हा वाच. तू वर गेलास, तुझ्या चारचाकी मोटरसायकलची चाकं तिथवर उमटली आहेत आणि परत फिरली आहेत. फाटक गवतात आडवं पडलं होतं. तारांवर रात्रीचं पांढरं दहिवर तसंच होतं, म्हणजे रात्रभर ते तिथेच होतं. हे पत्र तुझी नात मार्नी बंद पाकिटात आणतेय. ती बाहेर कुत्र्यांना खायला घालतेय तोवर लिहून संपवायचं आहे. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

सकाळी निघाले तेव्हा टसॉक गवत कमरेपर्यंत ओलं होतं. त्या झुपक्यांतून चालणं किती चिडचिडीचं असतं ते तुला सांगायला नको, वर पाय ठेवला तर घसरतो, मध्ये ठेवला तर खड्डा. स्पॅनियर्डच्या काटेरी झुडपाचं एक पातं मांडीत सुईसारखं गेलं. ओढा ओलांडताना पडले नाही. बसले. जरा जोरात. डावा गुडघा ठीक आहे. दोन किया पोपट माझ्या मागे मागे उड्या मारत आले आणि मी दम खायला थांबले की बुटाची नाडी ओढायचे. मी त्यांना तुझं नाव घेऊन हाकललं.

हद्दीवर तुझी पाटी पाहिली. खांब सोडू नये. मेंढ्यांना त्रास देऊ नये. फाटक जसं सापडेल तसं ठेवावं. खाली तुझी सही, लाल रंगात. तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा. बरोबरच आहे म्हणा, आपण दोघं अक्षरं गिरवायच्या आधी हे शिकलो. उघडं सापडलं तर उघडं, बंद सापडलं तर बंद. उघड्या फाटकाला धन्याचं कारण असतं, वाटसरूने डोकं चालवायचं नाही. ती कोरियन मुलगीही तशीच गेली असणार, आज्ञाधारक.

आणि मी खिंडीत पोचले तर फाटक आडवं.

मी तिथे उभी राहिले आणि मला काही सुचेना. बाबांच्या वेळी मेंढ्या उतरवायच्या आदल्या दिवशी हे फाटक लागायचं म्हणजे लागायचंच. नाहीतर हुसकलेला कळप चढाला लागून खिंडीतून पलीकडच्या दरीत उतरतो, बर्फ पडलं की तिथेच उभ्या उभ्या मरतो. पण बाबांना जाऊन एकतीस वर्षं झाली. तू रीत बदलली असशील तर? या वर्षी कळप मुद्दाम खिंडीतूनच काढत असशील तर? मी फाटक लावलं असतं आणि मेंढ्या तारांवर चेंगरल्या असत्या तर सगळं खोरं म्हणालं असतं, बघा, आली आणि लुडबुड केली. तूच सगळ्यात मोठ्याने म्हणाला असतास.

खोटं कशाला बोलू, लावायचं ठरवलं असतं तरी लावता आलं नसतं. ते बिजागरीचं फाटक नव्हे. पाच तारा, सहा काठ्या, छाती लावून ओढायचं आणि खांबाच्या फासात अडकवायचं. मी एकदा ओढून पाहिलं. छातीतल्या स्प्रिंगने नको म्हटलं.

मग मी तुझी पाटी अक्षरशः पाळली. फाटक जसं सापडलं तसं ठेवलं आणि त्याच्या जागी मी उभी राहिले. पाठपिशवीचं पिवळं कव्हर काढून एका खांबाला बांधलं, दुसऱ्या बाजूला मी, हातात काठी. कळपामागून माणूस आला आणि म्हणाला जाऊ दे, तर बाजूला होईन. नाही आला तर नाही होणार. धुकं चढलं, दक्षिणेचा वारा सुटला, खिशातले मनुके संपले. थंडीने दात वाजत होते. एकदा वाटलं, नोलीन, तू अडुसष्ट वर्षांची बाई आहेस, चल, खाली झोपडीत चूल आहे. पण पाय हलेनात. ते माझे पाय आहेत, कुणाचं ऐकत नाहीत.

मग खालून कुत्रं भुंकलं. आणि धुक्यातून मेंढ्या आल्या. नुसतं गवतच उठून चालायला लागलंय असं वाटलं. मेरिनो, सगळ्या चढाला लागलेल्या, सरळ माझ्या अंगावर. पुढे एक म्हातारा खच्ची मेंढा, एक शिंग तुटकं. त्याने भोक पाहिलं होतं. मी काठी आपटली आणि बाबांची आरोळी दिली, ती पोटातून निघणारी. मला वाटलं होतं ती विसरले. तो थांबला. मागचे त्याच्यावर आदळले. मी आणखी ओरडले. शिव्याही दिल्या, काही तुझ्या नावाच्या होत्या. आणि खालून एका बाईमाणसाचा घोगरा आवाज आला, "धरा! धरा त्यांना! सोडू नका!"

एवढंच हवं होतं मला. मग ते मेंढरू माझ्या पोटावरून गेलं असतं तरी मी हलले नसते. कुत्रं बाजूने फिरून वर आलं, मेंढ्यांनी तोंडं फिरवली, आणि त्यांच्यामागून धापा टाकत ती आली. वरच्या वाटेवर एक मुलगी, ॲथल! तू मला सांगितलं का नाहीस? कशाला सांगशील म्हणा.

ती थेट माझ्या अंगावर धावून आली. "अहो बाई, वाचता येतं ना? एवढी मोठी पाटी लावलीय खाली!"

"येतं," मी म्हटलं.

"मग हे फाटक उघडं कुणी टाकलं? आजोबांनी काल स्वतः येऊन..." आणि ती थांबली. आडव्या पडलेल्या तारांकडे बघत राहिली. चेहरा पार उतरला पोरीचा. हळूच म्हणाली, "पुन्हा."

फक्त तेवढंच. मी सगळं समजले.

"मी उघडलं," मी म्हटलं. "येताना. थकले होते, लावता येईना."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग तारा उचलल्या. दोघींनी मिळून ओढलं आणि फासात अडकवलं. मग तिने वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. "कळप वळवला. एका वाटसरू म्हातारीने फाटक उघडं टाकलं होतं."

तिकडून रसेलचा आवाज खरखरत आला, "कमाल आहे या लोकांची! हिच्या बापाची जमीन आहे का?"

मी उत्तर देणार होते. जीभ चावली.

खाली झोपडीत तिने मला चहा दिला, तिच्या डब्यातलं मटणाचं सॅंडविच अर्धं तोडून दिलं. तेव्हा कळलं की ती मार्नी, रसेलची धाकटी लेक. सगळं तिनेच सांगितलं, मी खोदून विचारलं म्हणून. वसंतात तू ट्रॅक्टर चालूच ठेवून जेवायला आलास. रसेलला तू दोनदा बाबांच्या नावाने हाक मारलीस. त्याने वानाकात तुझ्यासाठी म्हाताऱ्यांच्या वसाहतीतली खोली बघून ठेवली आहे, आणि घरात ठरलंय की मेंढ्यांच्या या उतरणीत तू एक जरी चूक केलीस तर हिवाळ्याआधी तुला तिथे नेऊन ठेवायचं. नीट पार पडली तर आणखी एक वर्ष टार्नब्रेवर. हे सांगताना तिच्या डोळ्यात पाणी होतं. चांगली पोरगी आहे. तिला तू वाढवलंयस हे दिसतं आणि मला ते आवडलं नाही.

विचारलं, वरची वाट कुणी शिकवली? म्हणाली, "आजोबांनी. खाली ट्रकमध्ये बसून. दुर्बीण डोळ्याला, शिव्या वॉकी-टॉकीवर." उंटावरून शेळ्या हाकणं आम्ही ऐकलं होतं, तू ते करून दाखवलंस! मग म्हणाली, "आजोबा सांगतात, धारेवरून चालायचं नाही, दोन हात खालून चालायचं. मेंढीला आकाशात टोपी दिसली की ती उलटी फिरते."

ॲथल, हे मी तुला सांगितलं होतं. लोकर कापायच्या छपरीत, घोकून घेतलं होतं, बाबांनी विचारलं तर तुला बोलता यावं म्हणून. तू सगळं विसरायला लागलायस आणि हे तेवढं लक्षात ठेवलंस.

मी तिला माझं नाव सांगितलं. तिने हातातलं सॅंडविच खाली ठेवलं. मग म्हणाली, "मग तुम्ही फाटक उघडं टाकणं शक्यच नाही."

"म्हातारी झालेय. विसरते."

"तुम्ही?"

"हो, मी. कुणी विचारलं तर मीच."

तिने मान हलवली. तेव्हा हे असं ठरलं आहे: फाटक एका वेंधळ्या वाटसरू बाईने उघडं टाकलं. सकाळी नदीच्या उताराजवळ तुमची सगळी माणसं जमतील, रसेल माझ्यावर तोंड टाकेल. टाकू दे. तू काही बोलू नकोस, तुला त्याची सवय आहे. तीन वेळा तुझी वाट चालले, ही चौथी. उपकार मानू नकोस, माफी मागू नकोस, मी हे तुझ्यासाठी केलेलं नाही. का केलं ते मला माहीत नाही. एवढंच वाटलं की टार्नब्रेवरून तुला कुणी हाकलायचंच असेल तर तो हक्क माझा आहे, रसेलचा नाही.

आणि ट्रकमध्ये मी बसणार नाही. हे तिसऱ्यांदा सांगतेय.

नोलीन

१७ एप्रिल
वानाका, तळ्याकाठचा तंबू

मूर्खा,

सगळं कसं नीट बसवून दिलं होतं मी! तुला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. उभ्या जन्मात एकदा तोंड उघडलंस ते नेमकं तेव्हा!

तू हे विसरशील, म्हणून लिहून ठेवते. उशीखाली ठेव.

नदीच्या उताराजवळ तुमची सहा माणसं आणि कुत्र्यांची पलटण. मी वळणावरून आले आणि रसेलने मला ओळखलं, मग तर तो आणखीच पेटला. "आत्या, तुला तरी कळायला हवं होतं! परक्या माणसाने केलं असतं तर एक वेळ ठीक! एवढा कळप गेला असता!" मी खाली मान घालून उभी होते. मला खाली मान घालता येत नाही हे त्याला ठाऊक नाही, म्हणून त्याला ते खरं वाटलं. सगळे जण सॅंडविच खायचे थांबून बघत होते. आणि तू ट्रकचं दार उघडून उतरलास, एक पाय आधी, मग दुसरा, दाराला धरून. किती वाळलायस रे.

"रसेल, गप्प," तू म्हणालास. "फाटक मी लावलं नाही. लावलं असं मला वाटलं होतं. हिने कळप अडवला."

"बाबा, तिने स्वतः कबूल..."

"ती खोटं बोलतेय. माझ्यासाठी बोलतेय. आणि आणखी एक, सगळ्यांनीच ऐका. आमच्या बापाच्या वेळी तीन वर्षं वरची वाट मी चाललोच नाही. ही चालली. माझी टोपी घालून. तिने सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात, मी हसू दिलं."

चहा गार झालाय म्हणावं तसं म्हणालास. कुणी हसलं नाही. तो म्हातारा स्वयंपाकी, जो बाबांच्या काळापासून आहे, नुसता "हं" म्हणाला. त्याला बहुतेक तेव्हाही माहीत होतं.

मी रडले. तू पाहिलंस, सगळ्यांनी पाहिलं, मला त्याची लाज नाही. एकतीस वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती आणि वाटलं होतं, ऐकलं की नाचीन. प्रत्यक्षात राग आला. कारण ते बोलताना तू रसेलकडे बघत होतास आणि तुला पक्कं ठाऊक होतं की या वाक्याची किंमत काय आहे. इतकं तरी त्या डोक्यात अजून शाबूत आहे.

मग म्हणालास, "नोली, पाणी वाढलंय. बस ट्रकमध्ये. निदान नदीपुरतं."

मी म्हटलं, "मला दिसतंय." आणि पाण्यात उतरले. मांडीपर्यंत होतं, बर्फासारखं. मध्यावर पाय सरकला, कबूल करते. मागे तुझी ओरड ऐकू आली, "काठी वरच्या अंगाला लाव! वरच्या अंगाला!" ती मी तिकडेच लावली होती. पण तुझं ऐकून आणखी थोडी लावली. पलीकडे पोचून वळून पाहिलं तर तू गुडघाभर पाण्यात उभा होतास, बुटांसकट, आणि मार्नी तुझा दंड धरून तुला मागे ओढत होती. पुढे यायला निघाला होतास की काय? पोहता तर येत नाही तुला.

आता नीट ऐक. मार्नीने फोन केला होता. रविवारी तुमच्या घरी बैठक आहे. वानाकातल्या खोलीचे कागद तुझ्यापुढे ठेवतील. मी आज ती जागा बघून आले. स्वच्छ आहे, गरम आहे, जेवण वेळेवर मिळतं. खिडकीतून दुसऱ्या खिडक्या दिसतात. एक बाई मला म्हणाली, इथे फार छान आहे, आणि माझी बाही सोडेना.

सही करू नकोस.

खरं बोलला म्हणून माणसाला घराबाहेर काढत असतील तर तो कसला न्याय? रसेल वाईट नाही, तो घाबरलाय. घाबरलेला माणूस घाई करतो. त्याला म्हणावं, थांब जरा. पोटावर झोप, धारेवर झोपायचास तसा, पण उठून त्या गाडीत बसू नकोस. कसं नाही म्हणायचं ते मी तुला तीनदा लिहून शिकवलंय.

मी आत्ता येणार नाही. दक्षिण टोकाला ब्लफमध्ये जमीन संपेपर्यंत ही वाट माझी आहे, तुझ्यासाठीसुद्धा मधेच सोडणार नाही. तेवढे दिवस किल्ला तुला एकट्याने लढवायचा आहे, मार्नी बरोबर आहे. मग मी बस पकडीन आणि सरळ टार्नब्रेला येईन. पायी नाही, तेवढं पुरे झालं. मागच्या दाराने नाही. पुढची खोली रिकामी करून ठेव, मला सकाळचं ऊन लागतं. पियानोही आणीन, त्याची जागा तिथेच आहे. माझी छाती फुटकी आणि तुझं डोकं, दोघं मिळून एक धड माणूस होतं की नाही ते बघू.

रविवारी विचारतील, तुझ्याकडे कोण बघणार? सांग, माझी बहीण राहायला येतेय.

विचारतील, तिला कुणी बोलावलं?

सांग, कुणीच नाही.

नोली